राखलेली जागा

चित्रकलेच्या तासाला मूल पहिल्यांदा शिकतं ते भरायला. पहिलीच्या वहीत आंब्याची, मोराची बाह्यरेषा छापलेली असते आणि खाली सूचना असते : रंग भर. रंग रेषेबाहेर जायला नको, आत कुठे पांढरं दिसायला नको. पुढे सातवी-आठवीत एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रभरची मुलं बसतात, तशी आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातलीही बसतात. घोटची, आष्टीची, कुनघाड्याची. स्मरणचित्राला पाणवठा किंवा आठवडी बाजार असा विषय आला की कागदाचा खालचा भाग माणसांनी आणि गुरांनी भरतो, वर आकाश उरतं. मग त्या आकाशाचं काय करायचं? पक्षी काढायचे. पक्ष्यांनंतरही उरलं तर ढग, आणि कोपऱ्यात सूर्य. दोन त्रिकोणी डोंगरांच्या मधून डोकावणारा तो सूर्य वैनगंगेकाठच्या मुलानं कधी पाहिलेला नसतो, तरी काढतो. उरलेल्या जागेची त्याला धास्ती वाटते आणि ती धास्ती आम्ही मोठ्यांनी त्याच्या मनात घातलेली असते. ‘एवढा कागद रिकामाच?’ हा प्रश्न त्यानं घरी, शाळेत, सगळीकडे ऐकलेला असतो.

मी इथे चित्रकला शिकवतो आणि शाळेबाहेरच्या वेळात स्वतःची चित्रं काढतो. त्या चित्रांत झाड नसतं, माणूस नसतं. काही रेषा असतात, कधी एखादा डाग, आणि बराचसा कागद मोकळा. हे करताना एक गोष्ट माझ्या मनाशी पक्की झाली आहे. कागदावरची मोकळी जागा दोन तऱ्हेची असते. एक सोडून दिलेली आणि एक राखलेली. दोन्ही दिसायला पांढऱ्याच. पण पहिलीकडे चित्र काढणाऱ्याचं लक्षच नव्हतं आणि दुसरीकडे त्याचं सगळं लक्ष होतं, इतकं की तिथे हात लावायचा नाही हे त्यानं क्षणोक्षणी ठरवलं. अमूर्त चित्रात ध्यान म्हणतात ते कुठे असतं असं मला कुणी विचारलं, तर मी रेषेकडे बोट दाखवणार नाही. या राखलेल्या जागेकडे दाखवीन.

वैनगंगेचा उगम मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात आहे. त्याला लागूनच मंडला जिल्हा. तिथल्या बाबरिया गावी १९२२ साली सय्यद हैदर रझा जन्मले. वडील वन खात्यात होते, त्यामुळे बालपण जंगलातल्या लहान गावांत गेलं. ककैया गावच्या शाळेतली त्यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. मुलगा एका जागी ठरत नाही, अभ्यासात मन नाही, हे पाहून नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी भिंतीवर एक काळा ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितलं. पुढे रझा नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, तिथून मुंबईच्या जे. जे.ला गेले, मग पॅरिसला. तो ठिपका कित्येक वर्षांनी ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांत आला आणि राहिला. आमच्याच नदीच्या उगमाकडचं रान, आमच्यासारखीच कुडाच्या घरांची गावं, आणि एक खेड्यातले मास्तर. गोष्ट दूरची वाटतच नाही.

पण ही गोष्ट सांगताना सगळे ठिपक्याबद्दल बोलतात. मला भिंत दिसते. त्या पोरानं ठिपक्याकडे पाहिलं तेव्हा ठिपक्याच्या चारी बाजूंना भिंत होती, छुईच्या मातीनं नाहीतर चुन्यानं सारवलेली, मोकळी. ती मोकळी नसती, तिच्यावर पाढे आणि बाराखडी लिहिलेली असती, तर ठिपका हरवला असता. रझांनी ठिपका घेतला आणि त्याभोवती त्रिकोण, चौकोन, लाल-पिवळे रंग रचत गेले. ती चित्रं भरगच्च आहेत आणि सुंदर आहेत. भिंत मात्र मागे राहिली. ती भिंत रंगवणारा चित्रकार दुसरा आणि त्याचा जन्म तर आमच्या विदर्भातलाच.

वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ चा. घराणं गोव्याचं, लहानपण गोव्यात आणि मग गिरगावातल्या चाळीत. १९४८ साली ते जे. जे.मधून बाहेर पडले. सुरुवातीला लघुचित्रांच्या वळणाची, माणसं असलेली चित्रं काढली. हळूहळू माणसं गेली, मग आकार गेले. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना आपल्या चित्रांसाठी मान्य नव्हता. माझ्या चित्रात वस्तू नाही इतकंच ते म्हणत. भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करत तेव्हा रवी शंकरांपासून इब्राहिम अल्काझींपर्यंत सगळ्यांचा तिथे राबता होता. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कला गेले. १९७१ ला पद्मश्री. १९७२ नंतर दिल्लीत, निजामुद्दीनला, एका लहान जागेत एकटे. लग्न नाही, गोतावळा नाही, सामानसुमान नाही. वर्षाकाठी मोजकी पाच-सहा चित्रं. बाकीचा वेळ काय करत? बसत. रिकाम्या कॅनव्हाससमोर दिवसेंदिवस बसत. झेन विचार त्यांनी मनापासून वाचला होता. भेटायला आलेल्या माणसाशीही ते फारसं बोलत नसत, असं त्यांना ओळखणाऱ्या अनेकांनी लिहून ठेवलं आहे.

त्यांची काम करण्याची रीत मला फार महत्त्वाची वाटते. ते रंग ब्रशनं लावत बसले नाहीत. रोलरनं रंग पसरायचा, पॅलेट नाइफनं ओढायचा, ओल्या रंगावर कागदाचे फाडलेले तुकडे दाबायचे आणि उचलायचे, म्हणजे रंग तिथून निघून येतो. पुन्हा पातळ थर, पुन्हा काढणं. त्यांच्या चित्रातला उजेड असा थरांच्या आतून येतो. वरवर पाहणाऱ्याला वाटतं की इथे काही केलेलंच नाही, एकच पिवळा नाहीतर करडा रंग आहे. खरं म्हणजे तिथे सगळ्यात जास्त काम झालेलं असतं. फक्त ते लावण्याइतकंच काढण्याचं काम आहे.

२०१३ च्या डिसेंबरात क्रिस्टीजचा भारतातला पहिला लिलाव मुंबईत झाला आणि गायतोंडेंचं १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. वर्तमानपत्रात चित्र छापून आलं. वर्गात एकानं कात्रण आणलं आणि विचारलं, ‘‘सर, यात तं काहीच नाही. मंग तेवीस कोटी कायचे?’’ प्रश्न खरा होता, कुत्सित नव्हता. पैशाचं उत्तर माझ्याकडे नाही. बाजाराची गणितं वेगळी असतात आणि त्या रकमेचा त्या चित्रकाराला काही उपयोगही नव्हता, तो २००१ सालीच गेला होता. पण ‘यात काही नाही’ याचं उत्तर द्यायला हवं होतं. मी ते कात्रण भिंतीवर लावलं आणि मुलांना म्हटलं, रोज येता-जाता बघा. वर्तमानपत्राचा कागद पुढे पिवळा पडला, रंग विटले, तरी मुलं अधूनमधून त्याच्यासमोर थांबायची. कुणाला पाण्याखालचं काही दिसलं, कुणाला धुकं. एक जण म्हणाली, ‘‘सर, आपुन याच्याकडं पाह्यलं की आवाज कमी होते.’’ याहून नेमकं मी गायतोंडेंबद्दल आजवर कुठे वाचलेलं नाही.

१९८४ साली त्यांना अपघात झाला. मानेला दुखापत झाली, मोठे कॅनव्हास हाताळणं काही वर्षं थांबलं. त्या काळात त्यांनी लहान कागदांवर शाईची रेखाटनं केली. माझं सगळ्यात आवडतं काम हेच. पांढरा कागद, त्यावर काळ्या शाईच्या काही खुणा. लिपी आहे असं वाटतं आणि वाचायला जावं तर ती कुठलीच लिपी नाही. रंग नाही, थर नाहीत, झाकायला काहीच नाही. खूण इथेच का आणि वर बोटभर का नाही? दोन खुणांमधलं अंतर एवढंच का? प्रत्येक ठिकाणी हात थांबलेला दिसतो. ज्याची तब्येत धड नाही, जो आयुष्यभर रंगांत राहिला, तो माणूस वहीच्या पानाएवढ्या कागदावर बसून कुठे काही करायचं नाही हे ठरवतो आहे. मी ती चित्रं छापील पुस्तकातच पाहिली आहेत. चामोर्शीपर्यंत चित्रं छापूनच येतात.

नसरीन मोहमदींची रेखाटनं मात्र छापूनही नीट येत नाहीत. फोनवर पाहायला गेलं तर रेषाच नाहीशा होतात, पडदा पांढरा राहतो. पेन्सिलीच्या आणि शाईच्या इतक्या बारीक, इतक्या जवळजवळ ओढलेल्या रेषा की त्या कागदातूनच उगवल्यासारख्या वाटतात. कराचीत १९३७ साली जन्म, वाढल्या मुंबईत, शिकल्या लंडनला आणि पॅरिसला. भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचीही खोली होती आणि गायतोंडेंना त्या फार मानत. १९७२ पासून बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवलं. चित्रांना नावं दिली नाहीत, बहुतेकांवर तारीखही घातली नाही. सुरुवातीला झाडं-पाणी यांच्या आठवणी असलेली चित्रं, सत्तरच्या दशकात जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेषा, आणि शेवटी शेवटी तर पांढऱ्या कागदावर तिरप्या जाणाऱ्या दोन-चार रेषा, एखादा वर्तुळाचा तुकडा, बाकी सगळं मोकळं.

याच काळात त्यांना हातापायांवरचा ताबा हळूहळू सुटत जाणारा आजार होता. चालताना तोल जायचा. आणि त्याच हातानं, वास्तुविशारदाच्या टेबलावर वाकून, पट्टी आणि ड्राफ्टिंगच्या पेननं त्या केसभरही न चुकणाऱ्या रेषा ओढत राहिल्या. कसं जमलं असेल? मला वाटतं, थरथर आणि रेषा यांच्या मधली जी एक स्थिर जागा आहे तिथे त्या रोज जाऊन बसत असणार. ती जागा त्यांनी कमावली होती. १९९० साली किहीमला, अलिबागजवळच्या समुद्रकाठी त्या वारल्या. वय अवघं ५३. किहीमचा किनारा लाखो लोकांनी पाहिला आहे; ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू आणि तिच्यावरची पाण्याची एक रेघ त्यांनी जशी पाहिली तशी मात्र क्वचितच कुणी पाहिली असेल. त्यांनी काढलेले फोटोही आहेत, हयातीत कुठे न मांडलेले. त्यांतही वाळू, फरशी, सावली आणि खूप सारी मोकळीक.

जपानी चित्रकलेत ही राखलेली जागा जुनीच आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी हासेगावा तोहाकूनं पाइन वृक्षांचं चित्र केलं, घडीच्या पडद्यांच्या जोडीवर. आज ते तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. झाडं थोडी आणि धुकं पुष्कळ. आणि धुकं त्यानं काढलेलंच नाही, ते कोऱ्या कागदाचं आहे. पण दर वेळी जपानकडे धावायचं कारण नाही. आपल्याकडे तबला वाजवणाऱ्या कुणालाही विचारा. तीनतालाच्या सोळा मात्रा, त्यांत नवव्या मात्रेवर खाली. तिथे टाळी वाजत नाही, हात उलटा करून हवेत दाखवतात. पुढे डग्ग्याचा घुमार काही मात्रा काढून घेतलेला असतो. ती खालीची मात्रा मोजलेली असते, तिच्यावर लक्ष असतं, तिच्यावाचून समेला काही अर्थ नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीतली नाटकं सुरू होतात तेव्हा रात्रभर मंडपात बसून मी रंगमंचाच्या पुढ्यातल्या ऑर्गन-तबल्याकडेच पाहतो. पहाटे तीन वाजता झोप अनावर झालेला तबलजीसुद्धा खाली चुकवत नाही.

माझं स्वतःचं काम साधं आहे. गडचिरोली जिल्ह्यात बांबूला तोटा नाही. बोटाएवढी वाळलेली काडी घ्यायची, चाकूनं तिरपी छाटायची, टोकाला उभी चीर द्यायची की टाक तयार. बाजारातल्या निबेसारखा तो ऐकत नाही. शाई धरतो थोडी आणि सोडतो आपल्या मर्जीनं. सकाळी, ऊन चढायच्या आत, मी कार्ट्रिज कागद पाटावर चिकटवतो आणि बसतो. लगेच काही करत नाही. श्वास येतो-जातो तो नाकाशी जाणवायला लागेपर्यंत थांबतो. मग टाक बुडवून डावीकडून उजवीकडे एक रेषा. श्वास सोडताना रेषा पुढे जाते. मध्येच शाई ओसरते, रेषा खरखरीत होते, कागदाचा पोत तिच्यातून दिसायला लागतो, मग तुटक होत ती संपते. ती नेमकी कुठे संपली ते सांगता येत नाही. शाई संपलेली असते पण हात अजून चालत असतो, कागदाला न टेकता.

खरी वेळ यानंतरची. कागदावर एक रेषा आहे आणि हात शिवशिवतो. इथे अजून एक हवी, त्या कोपऱ्यात वजन हवं, नाहीतर चित्र कलंडेल. मन एकामागून एक कारणं पुढे करतं, आणि सगळी कारणं चित्रकलेच्या पुस्तकातली असतात, त्यामुळे खरी वाटतात. आनापानात, म्हणजे श्वासावरच्या बौद्ध ध्यानात, बसलेल्या माणसाला हे ओळखीचं आहे. श्वासाकडे पाहा, दुसरं काही करू नका, एवढंच सांगितलेलं असतं, आणि तेवढंच होत नाही. मन काहीतरी आणून ठेवतं : कालचं भांडण, उद्याची फी, गुडघ्याची कळ. आणलेलं हाकलायचं नाही आणि त्याच्यामागे जायचंही नाही. आमच्या भागात हे नवं नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून या जिल्ह्यांत गावोगावी विहारं उभी राहिली. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं दर पौर्णिमेला विहारात जाऊन मांडी घालून बसतात. गप्प बसणं त्यांना येतं. पेन्सिल हातात आली की तेवढं विसरायला होतं, कारण पेन्सिल म्हणजे काहीतरी करायचंच असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं.

म्हणून मी शिवशिवणाऱ्या हाताकडे पाहतो. रेषेची गरज आहे की माझ्या अस्वस्थतेला रेषा हवी आहे? बहुतेक वेळा दुसरंच असतं. थोडा वेळ गेला की ती लाट ओसरते, आणि मग कागदाचा तो कोपरा नुसता कोपरा राहत नाही. त्याला ताण येतो. एकुलती रेषा त्याच्याकडे ओढली जाते. कधी कधी खरोखरच दुसरी रेषा लागते आणि ती काढताना मनात जराही शंका येत नाही. मोकळी जागा राखायची म्हणजे हट्टानं हात बांधून बसायचं असं नाही. हट्टानं मोकळा ठेवलेला कागदही मी ओळखतो. तो पोकळ दिसतो. आजकाल घराच्या सजावटीत शोभेल असं, एक रेघ आणि बाकी पांढरं, सर्रास छापलेलं मिळतं. त्यातली पांढरी जागा कुणी राखलेली नाही. ती नुसती फॅशन आहे आणि मला तिचा राग येतो, कारण नसरीनबाईंनी आयुष्य घालून जे मिळवलं त्याची ती उसनी साल पांघरते.

आमच्याकडे मार्च उजाडला की मोहाच्या झाडाखाली बायका जमीन साफ करतात. मोहफूल पहाटे गळतं, टपटप, आणि वाळक्या पाल्यात पडलं की सापडत नाही. म्हणून आधी पालापाचोळा झाडून झाडाच्या घेराएवढं अंगण मोकळं करायचं. कुणी खराट्यानं झाडतं, कुणी घाई करून पाला पेटवून देतं. पेटवलेला पाला कधी कधी वाऱ्यानं जंगलात शिरतो आणि वणवा लागतो. वन विभाग दर उन्हाळ्यात गावोगावी सांगत फिरतो की पेटवू नका, झाडून घ्या. मी घोटच्या रस्त्याला एका म्हातारीला झाडताना बराच वेळ पाहिलं आहे. ती बुंध्यापासून सुरुवात करत नव्हती. आधी वर पाहिलं, फांद्या कुठवर गेल्यात ते डोळ्यांनी मापलं, मग बाहेरच्या कडेनं गोल फिरत आत आत आली. खडे वेचले. एका जागी मुंग्यांचं वारूळ होतं ते वळसा घालून सोडलं. झाल्यावर त्या लाल मातीवर तिनं एक नजर फिरवली आणि खराटा खांद्यावर टाकून निघाली. फुलं अजून कळीतच होती. गायतोंडे कॅनव्हाससमोर नुसते बसून काय करत, असं मला कुणी विचारलं तर मी या म्हातारीबद्दल सांगतो. आणि पेटवून रिकामं करणाऱ्यांबद्दलही सांगतो, कारण चित्रातही ते होतं : माणूस, झाड, आठवण सगळं घाईनं जाळून टाकलं की अमूर्त झालं असं वाटणारे पुष्कळ आहेत. गायतोंडेंना माणसांच्या आकृती सोडायला वर्षं लागली. त्यांनी झाडून घेतलं.

मार्कंडाला मी मुलांना दरवर्षी रेखाटनाला नेतो. चामोर्शीजवळच वैनगंगेच्या काठावर मार्कंडादेवाची मंदिरं आहेत. या भागात एरवी दक्षिणेकडे जाणारी नदी तिथे वळून उत्तरेला वाहते, म्हणून ते तीर्थ. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमनं या मंदिरांची तपशिलानं नोंद केली. मार्कंडेश्वराच्या भिंतीवर बोटभर जागा मोकळी नाही. देव, अप्सरा, व्याल, हत्ती, ओळीवर ओळी, ऊन तिरपं झालं की एकेक आकृती भिंतीतून पुढे येते. तिथे सगळं भरलेलं आहे आणि एकही मूर्ती जास्तीची वाटत नाही. भरणं वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्यांनी ही भिंत भरली त्यांचंही प्रत्येक इंचावर लक्ष होतं. जीर्णोद्धारासाठी पुरातत्त्व खात्यानं शिखराचे दगड उतरवून ठेवले, त्यानंतर मात्र भरगच्च भिंतीच्या वर एकदम आकाश सुरू व्हायचं.

एका वर्षी आठवीतली एक मुलगी रेखाटत होती. भिंतीचे थर तिनं मन लावून काढले, अगदी झिजलेली नाकं-डोळे आहेत तसे. वर पोचली आणि थांबली.

‘‘सर, शिखर नाही ना जी. मंग काय काढू?’’

बाकीच्यांनी जुन्या फोटोवरून शिखर काढलं होतं. काहींनी झाडं काढून जागा झाकली होती. मी म्हटलं, ‘‘तुला काय दिसते?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘मग तेच काढ.’’

ती पुष्कळ वेळ वर पाहत बसली. मग तिनं भिंतीची शेवटची रेषा खोडली आणि पुन्हा काढली, या वेळी दाबून नाही, हलक्या हातानं, मधे मधे तुटलेली. एवढाच बदल. त्यानं वरचा पांढरा कागद वेगळा झाला. तिथे शिखर होतं हे कळू लागलं, आणि आता नाही हेही. तिनं तो कागद परीक्षेच्या सरावाच्या फाइलीत लावू का, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं : फाइलीत लाव, पण परीक्षेत वरचा भाग असा ठेवलास तर तपासणारा चित्र अपूर्ण समजण्याचा संभव आहे, तिथे सगळं काढ. तिनं तसंच केलं आणि चांगली श्रेणी मिळवली. शिखर पुन्हा चढायला हवंच होतं, लवकर चढायला हवं होतं. पण ते नव्हतं तेव्हाचं आकाश ज्यावर उतरलं, असा त्या दिवशीचा तो एकच कागद आहे.

त्यानंतर मी वर्गात एक तास वेगळा घेऊ लागलो. सूचना एवढीच : पेन्सिल टेकवण्याआधी कागदावर कुठे काहीच काढायचं नाही ते ठरवा, आणि ती जागा सांभाळा. मुलांना हे कठीण जातं. कुणी मधोमध चौकोन आखून त्याला ‘रिकामी जागा’ असं नाव देतं. कुणी सांभाळता सांभाळता शेवटच्या पाच मिनिटांत पक्षी उडवून देतं. गेल्या पावसाळ्यात एका पोरानं तास सुरू होताच अख्खा कागद भरून टाकला, नांगर, बैल, आई, बांध, वीज, सगळं, आणि दुसरा कागद मागितला. मी दिला. या खेपेला त्यानं एकच बैल काढला, तोही अगदी उजव्या कडेला, अर्धा कागदाबाहेर गेलेला.

मी विचारलं, ‘‘बैल कुठे चालला रे?’’

‘‘घरी. चिखल झाला ना जी.’’

‘‘आणि हे एवढं काय आहे?’’

‘‘धानाची बांधी.’’

शेजारचा पोरगा पाहायला वाकला आणि त्याचा तळवा कागदाच्या मधोमध टेकला. तसा हा एकदम ओरडला, ‘‘हात काढ ना बे! रोवणा झाला हाये तिथं!’’